तात्यांचं खारकोव

लहान असताना स्पृहाला वाटायचं, खारकोव हे ठाकूरद्वारच्या पलीकडे कुठेतरी असावं. इतकं ते घरातलं होतं. पोतनीसांच्या वाडीतल्या पोरांना पॅरिस कुठल्या देशात आहे हे धड सांगता आलं नसतं, पण खारकोवला ट्रॅक्टरचा मोठा कारखाना आहे हे सगळ्यांना पाठ होतं. कारण ते शहर तिच्या आजोबांचं होतं. राजाराम टिपणीस, म्हणजे तात्या, विमा कंपनीत कारकून आणि युनियनचे खंदे कार्यकर्ते. अठ्ठ्याहत्तर साली युनियनने तेव्हाच्या सोव्हिएत देशात एक शिष्टमंडळ पाठवलं, त्यात तात्यांची वर्णी लागली. खारकोवच्या कारखान्यात एका बाईने भरतकामाच्या टॉवेलवर पाव आणि मीठ ठेवून त्यांचं स्वागत केलं, तात्यांनी पाठ केलेलं रशियन वाक्य म्हटलं आणि सगळं सभागृह टाळ्या वाजवत उभं राहिलं. त्या टाळ्यांवर तात्या आजपर्यंत जगत आले होते.

कोजागिरी असो, कुणाचं बारसं असो, नाहीतर शेजारच्या सत्यनारायणाचा प्रसाद असो (पूजेला नाही, प्रसादापुरते तात्या जात), बोलता बोलता खारकोव निघालंच म्हणून समजा. दर खेपेला ते सभागृह थोडं मोठं व्हायचं आणि ती बाई थोडी तरुण व्हायची. वाडीत आणखी दोन तात्या होते, तेव्हा ओळखायला सोपं म्हणून यांना लोक ‘खारकोवतात्या’ म्हणू लागले. चिडवायला ठेवलेलं नाव तात्यांनी पदवीसारखं मिरवलं.

पुढे स्पृहाला इथल्या मेडिकलला मार्क कमी पडले. परदेशी पाठवणाऱ्या एजंटाने टेबलावर चार-पाच शहरांची माहितीपत्रकं पसरली, आणि तात्यांनी क्षणाचाही विचार न करता एकावर बोट ठेवलं. “हे माझं शहर आहे. माझी नात इथेच शिकणार.” स्पृहालाही आनंदच झाला. ती गेली तेव्हा तीही त्या शहराला खारकोवच म्हणत होती. तिथेही कुणी तिला अडवलं नाही. ती ज्यांच्याकडे खोली घेऊन राहिली त्या हालिनामावशी स्वतः खारकोवच म्हणत. त्यांची सगळी गल्ली रशियन बोलायची, त्यांचे वडील बोलायचे, त्यांचा एकुलता एक मुलगा आंद्री बोलायचा. मावशी हे नाव स्पृहाने दिलं होतं आणि त्यांनी ते कौतुकाने घेतलं होतं.

मग रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि लढाई आली. त्या दिवसांबद्दल स्पृहाला सांगायचं खूप होतं. तळघरात बटाट्यांच्या पोत्यांवर झोपलेली माणसं होती. वरच्या मजल्यांच्या काचा फुटल्याचा आवाज होता. मावशी सगळ्या पोरांना सूप वाढत आणि स्वतः जेवल्याचं खोटं सांगत. शेवटी आंद्रीने आपल्या खटारा गाडीत तिला आणि तिच्या मैत्रिणीला बसवलं आणि स्टेशनवर नेलं. दाराशी धक्काबुक्की इतकी की आत शिरणं शक्यच नव्हतं. आंद्रीने तिला उचलून खिडकीतून आत ढकललं, तिची सॅक मागून फेकली आणि दुसऱ्या कुणाच्या तरी म्हाताऱ्या आईला उचलायला वळला. निरोपसुद्धा घेता आला नाही. त्याच वर्षी, पानगळीच्या दिवसांत, तो आघाडीवर मारला गेला.

त्यानंतर हालिनामावशींनी रशियन बोलणं सोडलं. जन्मभर जी भाषा बोलल्या, ज्या भाषेत त्यांनी आंद्रीला अंगाई म्हटली, ती त्यांना तोंडात धरवेना. साठी उलटलेली ती बाई एका वाचनालयाच्या तळघरातल्या वर्गाला जाऊन युक्रेनी नीट बोलायला शिकू लागली आणि शेजारणींशी अडखळत, चुकत तीच बोलू लागली. स्पृहाशी मोबाइलवरून शिकलेल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलू लागली. एकदा म्हणाली, “तू तिकडे लोकांशी बोलतेस ना? मग इंग्रजीत बोलतानाही आता ते रशियन नाव नको, आमचंच नाव घे. खार्किव. मीही सवय करतेय.” आणि तिने स्पृहाकडून ते दहादा घोटून घेतलं. सुरुवातीचा ख घशातून घासत यायला हवा, शेवटचा व ओठांवरच विरायला हवा.

ज्या दिवशी स्पृहाने ते शब्द मनावर घेतले त्या दिवसापासून तिच्या डोक्याला ताप सुरू झाला. कारण जगाला काही पडलेली नव्हती. टीव्हीवरचा इंग्रजी निवेदक घसा फोडून तिसरंच काहीतरी म्हणायचा. बँकेतली बाई फॉर्म बघून म्हणायची, “म्हणजे रशियाच ना?” उरलेलं शिक्षण जॉर्जियात पुरं करून ती परतली आणि इथे डॉक्टरीचा परवाना मिळवायच्या परीक्षेसाठी दादरला क्लास लावला, तर तिथले सर म्हणाले, “खारकोवला होतीस का तू? बरं बरं, खार्किव. एकच गं. इतकं काय मनाला लावून घेतेस?” स्पृहा प्रत्येकाला सांगायची. आधी शांतपणे, मग आवाज चढवून. लोक एकमेकांकडे बघून हसायचे, पोरीला तिकडून आल्यापासून जरा झालंय, असं. त्या हसण्याने तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एका आईने मुलगा गमावून एवढीच एक गोष्ट मागितली होती, त्यात कुणाच्या खिशाला चाट बसणार नव्हती, आणि तेवढंही यांच्याने होत नव्हतं!

पण बाहेरच्यांना काय बोलायचं, खरा डोंगर घरातच बसला होता.

ती युद्धातून परतली त्या संध्याकाळी आख्खी वाडी टिपणिसांच्या दोन खोल्यांत लोटली होती. कुणीतरी विचारलं, “काय झालं गं तिकडे?” स्पृहाने तोंड उघडलं. “आम्ही तळघरात होतो...” एवढं ती म्हणते तोवर तात्यांनी मान डोलावली. “तळघरं भक्कम तिथली. आम्ही अठ्ठ्याहत्तर साली खारकोवला गेलो तेव्हा त्या कारखान्याच्या खाली...” आणि निघाली गाडी. पाव, मीठ, भरतकामाचा टॉवेल, टाळ्या. लोकांनी पाठ असलेली गोष्ट पुन्हा ऐकली, चहा घेतला, स्पृहाच्या गालावरून हात फिरवला आणि घरी गेले. तेव्हापासून आजतागायत, तिने त्या शहराचं नाव काढलं की तात्या आपलं शहर पुढे करायचे. तिने खार्किव म्हणावं, त्यांनी हटकून खारकोव म्हणावं. जेवताना, टीव्हीपुढे, देवळात न जाताही देवळाच्या कट्ट्यावर. मावशींविषयी त्यांना ठाऊक होतं ते इतकंच, की नात जिथे राहिली ती घरमालकीण बरी होती. विचारलं त्यांनी कधी काहीच नाही.

यंदा तात्यांना एक्याऐंशीवं लागलं आणि वाडीने त्यांचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरवलं. हजार पौर्णिमा पाहिलेल्या माणसाला ओवाळायचं, जेवण घालायचं. लाल बावट्याखाली आयुष्य गेलेल्या तात्यांनी होमहवन नको म्हणून ठणकावलं, पण ओवाळण्याला आणि जिलबीला त्यांची हरकत नव्हती. त्यांची इच्छा एकच होती. वाडीच्या हॉलमध्ये मोठा टीव्ही आहे, त्यावर स्पृहाच्या घरमालकिणीला बोलवायचं.

“माझ्या शहराची बाई आहे. माझ्याशी दोन शब्द बोलेल. वाडी बघेल तरी.”

मावशी नाही म्हणतील अशी स्पृहाला आशा होती. तिने मावशींना विचारलं, आणि मावशी चटकन हो म्हणाल्या. तुझे आजोबा आमच्या गावी येऊन गेलेत, मग त्यांना शुभेच्छा नको का द्यायला? आता नाही म्हणायला जागाच उरली नाही.

दोन दिवसांनी स्पृहाचा चुलतभाऊ पुष्कर याने सगळ्यांच्या मोबाइलवर निमंत्रण पाठवलं. पुष्कर परळला एका इव्हेंट कंपनीत. निमंत्रणात तात्यांचा हसरा फोटो, मागे चंद्र, आणि खाली इंग्रजीत सोनेरी अक्षरांत: ‘लाइव्ह फ्रॉम खारकोव’.

स्पृहाने तिथल्या तिथे फोन लावला. “पुष्कर, ते बदल.”

“काय बदलू?”

“गावाचं नाव. इंग्रजीत खार्किव लिही. आता जग तेच लिहितं.”

“अगं यार, तात्यांनी अप्रूव्ह केलंय. दोनशे लोकांना गेलं पण. आणि वाडीत कुणाला कळणारे? खारकोवतात्यांचा प्रोग्रॅम आणि खाली दुसरंच नाव? लोक म्हणतील तात्या कुठे आणि गाव कुठे.”

“ती बाई बघेल ते कॉलवर!”

“तिला कोण दाखवतंय? चिल मार ना. दोन अक्षरांसाठी किती दिमाग का दही करतेस.”

फोन ठेवला तेव्हा तिचे कान तापले होते. ती तशीच आतल्या खोलीत तात्यांपुढे जाऊन उभी राहिली. तात्या खुर्चीत बसून शर्टाची बटणं लावून बघत होते, नवा सदरा बसतो की नाही म्हणून.

“तात्या, तुम्हाला हवं ते बोला मावशींशी. पण दोन गोष्टी सांभाळा. गावाला खार्किव म्हणा. आणि रशियन बोलू नका. इंग्रजी बोला.”

तात्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “मी त्या गावी गेलो तेव्हा तुझा बाप शाळेत जात होता. तिथल्या लोकांनी मला खारकोव म्हणूनच हाताशी धरलं. आता तू मला नाव शिकवणार?”

“तिथले लोकच सांगतायत. मी नाही.”

“राजकारण आहे ते सगळं. नावं बदलून काय होतं?”

हे मात्र फारच झालं. स्पृहा हसली, पण ते हसू बरं नव्हतं. “तुम्ही विचारताय हे? इंदूरच्या आत्याआजीचा फोन आठवतो का? ‘हॅलो, बॉम्बे का?’ म्हणाली म्हणून ‘राँग नंबर’ म्हणून ठेवलात. सख्ख्या बहिणीचा फोन! तीनदा ठेवलात. शेवटी रडत मुंबई म्हणाली बिचारी. ऑफिसात साहेबाच्या तोंडावर म्हणालात, माझ्या गावाचं नाव नीट घ्या, मग फाइल देतो. अभिमानाने सांगता सगळीकडे.”

“ते वेगळं,” तात्या म्हणाले.

“काय वेगळं?”

“ते आपलं होतं.”

एवढं बोलून ते पुन्हा बटणांकडे वळले. आपलं ते नाव, आणि दुसऱ्याचं ते नुसतं अक्षर! आयुष्यभर जगातल्या कष्टकऱ्यांनो एक व्हा म्हणणारा हा माणूस, आणि त्याला एवढं दिसू नये?

आवाज ऐकून तिची आई, सुमेधा, ओल्या हाताने स्वयंपाकघरातून आली. तिने स्पृहाला बाजूला घेतलं. “पुरे. त्यांचा दिवस आहे. या वयात त्यांना दुखवून काय मिळणार तुला?”

“आणि तिकडे ती बाई दुखावली तर?”

“तिला तू नंतर समजावशील. ती समजून घेईल. हे घेणार नाहीत.”

म्हणजे जो समजूतदार त्यानेच सोसायचं. घराघरातला हा न्याय स्पृहाला लहानपणापासून माहीत होता, पण आज तो तिच्या डोक्यात गेला. तिने सरळ सांगून टाकलं, वचन मिळालं नाही तर फोन लावणार नाही, टीव्हीवर क्रिकेट लावा. आता सुमेधा तात्यांकडे गेली. बरीच कुजबुज झाली. अखेर तात्या दारात आले आणि रुसलेल्या मुलाच्या आवाजात म्हणाले, “बरं बाई. खार्किव तर खार्किव. इंग्रजी बोलेन. झालं समाधान?”

झालं, ती म्हणाली. त्यांनी आयुष्यात दिलेला शब्द मोडलेला तिने पाहिला नव्हता.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरून गेला. झेंडूची तोरणं, मागे केटररची भांडी, पुढे खुर्चीत पांढऱ्याशुभ्र सदऱ्यातले तात्या. वाडीतल्या बायकांनी ओवाळलं, मुलांनी पाया पडून घेतलं. युनियनचे दोन थकलेले मित्र काठी टेकत आले आणि त्यांनी मुठी उंचावल्या, तेव्हा तात्यांचे डोळे पाणावले. स्पृहालाही भरून आलं. काही झालं तरी आजोबा होते. मग पुष्करने माइक घेतला. “अँड नाऊ, लेडीज अँड जंटलमन, थेट खारकोवहून...”

स्पृहाने दात आवळून फोन जोडला. टीव्हीवर हालिनामावशी आल्या. त्यांनी केस नीट बसवले होते, ठेवणीतला निळा ब्लाउज घातला होता. गेल्या खेपेपेक्षा गालफडं आत गेली होती. मागच्या खिडकीला काचेऐवजी लाकडाची फळी ठोकलेली दिसत होती. त्या हात हलवत हसल्या आणि कागदावर लिहून आणलेलं इंग्रजी वाचू लागल्या. “हॅपी बर्थडे, डिअर ग्रँडफादर. आय अॅम हालिना. फ्रॉम खार्किव.”

त्यांनी ते नाव किती सावकाश, किती जपून घेतलं! स्पृहाने वळून तात्यांकडे पाहिलं. तुम्हाला फक्त एवढंच परत म्हणायचंय.

तात्या माइक घेऊन उठले. समोर ती दोनशे माणसं, ज्यांना ही गोष्ट पाठ होती. आज तिचा पुढचा भाग त्यांना डोळ्यांनी दिसणार होता. तात्यांची छाती फुलली, मान ताठ झाली.

“झद्रास्तुइत्ये, दरागिये द्रुझ्या!” ते खणखणीत आवाजात म्हणाले. नमस्कार, प्रिय मित्रांनो. तेच ते कारखान्यातलं वाक्य. आणि मग दोन्ही हात पसरून, “खारकोव! खारकोव! खाराशो!” म्हणजे फार छान.

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. युनियनवाले मित्र तर उभेच राहिले.

पडद्यावर मावशींचं हसू जागच्या जागी थांबलं. हातातला कागद खाली गेला. कुणी पाठीमागून हाक मारावी तसं त्यांनी एकदा बाजूला पाहिलं, मग पुन्हा समोर पाहिलं, आणि अगदी हळू म्हणाल्या, “आय अॅम सॉरी. आय डू नॉट अंडरस्टँड.”

तात्यांना वाटलं, आवाज पोचला नाही. त्यांनी तेच आणखी मोठ्याने म्हटलं. मावशींनी मान हलवली. “आय डू नॉट अंडरस्टँड. सॉरी. सॉरी.”

तेव्हा तात्या लोकांकडे वळले आणि मिश्कीलपणे म्हणाले, “घ्या! हिच्यापेक्षा माझंच रशियन पक्कं आहे की! गिरगावातला माणूस बोलतोय आणि खारकोवची बाई तोंडाकडे बघतेय!”

वाडी खो खो हसली. पुष्करने शिट्टी मारली. टीव्हीवर मावशी ते हसणारे दोनशे चेहरे बघत होत्या. मग त्यांनी हात जोडले, स्पृहाने शिकवले होते तसे, आणि पडदा काळा झाला.

स्पृहा कधी पुढे गेली आणि तात्यांच्या हातातला माइक तिने कधी घेतला, हे तिचं तिलाही कळलं नाही. “तिला येतं,” ती म्हणाली. आवाज फाटला होता. “तुमच्यापेक्षा चांगलं येतं. जन्मभर तेच बोलली ती. आता बोलत नाही. का बोलत नाही ते तुमच्यापैकी एकानेही मला विचारलेलं नाही. हसा तुम्ही. जिलबी आहे, खा.” माइक तिने खुर्चीवर टाकला, त्याचा कर्कश आवाज हॉलभर घुमला. सुमेधाने धरलेला दंड सोडवून ती मागच्या दाराने बाहेर पडली.

हॉलच्या मागे एक अरुंद बोळ होता. तिथे केटररची माणसं पातेली घासत होती. स्पृहा भिंतीला टेकून फोन लावत राहिली. मावशी उचलत नव्हत्या. तिला स्वतःचाही संताप आला होता. कशाला विश्वास ठेवला? कशाला त्या बाईला ठेवणीतला ब्लाउज घालून या तमाशात बसवलं?

थोड्या वेळाने काठीचा आवाज आला. तात्या आले होते, एकटेच. सत्काराची शाल अजून खांद्यावर होती आणि चेहरा रागाने लाल.

“चारचौघांत माझं नाक कापलंस. आजच्या दिवशी. साठ वर्षं या वाडीत मान वर करून राहिलो मी.”

“शब्द दिला होता तुम्ही.”

“तोंडातून आपोआप गेलं ते! सत्तेचाळीस वर्षांची सवय आहे, ती काय एका दिवसात जाते?”

“ती बाई रोज घालवतेय, तात्या. तिची तर सगळ्या आयुष्याची आहे.”

तात्या काही म्हणणार एवढ्यात स्पृहाचा फोन वाजला. मावशींचा संदेश होता, इंग्रजीत, मोबाइलनेच भाषांतर करून दिल्यासारखा. स्पृहाने तो वाचला. पुन्हा वाचला.

“काय म्हणते?” तात्यांनी विचारलं. राग होता, तरी उत्सुकता लपली नाही.

“तुमचं कौतुक करतेय.”

“बघ! उगाच तू...”

“ऐका पुरतं.” आणि ती एकेक वाक्य मराठीत सांगत गेली. “तुझ्या आजोबांना सांग, त्यांचे उच्चार फार छान आहेत. अगदी आमच्या गल्लीतल्यासारखे. डोळे मिटले असते तर आंद्रीच दारातून हाक मारतोय असं वाटलं असतं. म्हणून मी फोन ठेवला. त्यांनी राग मानू नये. त्यांना पुष्कळ आयुष्य लाभो.”

पहिल्या वाक्याला तात्यांचा चेहरा उजळला होता. नंतरची वाक्यं तिथवर पोचायला वेळ लागला. ती पोचली तसतसा तो उजेड ओसरत गेला. पातेल्यांवर पाणी पडत होतं. हॉलमधून कुणीतरी हाक मारली, “तात्या, पंगत खोळंबलीय!” त्यांनी वळून पाहिलं नाही.

“आंद्री कोण?” त्यांनी विचारलं.

तीन वर्षं स्पृहा या एका प्रश्नाची वाट बघत होती, आणि आता तो आला तर तिला हायसं वाटायच्या ऐवजी रागच उसळून आला. एका घरात राहतो आपण. एका टेबलावर जेवतो. आईला ठाऊक आहे, कोपऱ्यावरच्या सलूनवाल्या गणपतलाही ठाऊक आहे, त्याने केस कापता कापता एकदा विचारलं होतं. आणि ज्यांनी त्या गावावर बोट ठेवून मला धाडलं, त्यांना आज सुचतंय? हे सगळं तिने बोलून दाखवलं, एकही शब्द गाळला नाही. तात्यांनी मध्ये तोंड घातलं नाही. हेही पहिल्यांदाच घडत होतं.

मग त्यांनी केटररची एक प्लॅस्टिकची खुर्ची ओढली आणि काठीवर हात ठेवून बसले. शाल खांद्यावरून घसरली, ती उचलली नाही. “चुकलं माझं,” ते म्हणाले. “सांग आता. ऐकतो.”

“आधी गावाचं नाव घ्या. नीट.”

तात्यांनी घसा खाकरला. “खारको...” म्हणाले आणि थांबले. पुन्हा प्रयत्न केला. कवळी सैल झाली, ती त्यांनी अंगठ्याने वर दाबली. “खार्कि... खार्किव.”

“परत.”

“खार्किव.”

शेवटचा व अजून ओठांवर विरत नव्हता. स्पृहा त्यांच्यासमोर ओल्या फरशीवर बसली.

“आंद्री त्यांचा मुलगा,” ती म्हणाली. “तुमची नात जिवंत परत आली ती त्याच्यामुळे.”